ईसीजीच्या कागदावरून बंद धमनी कशी ओळखतात?

हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाचे नातेवाईक आमच्या कार्यालयात अनेकदा विचारतात, "अँजिओग्राफी व्हायची आहे, मग उजवी धमनी बंद असावी हे डॉक्टरांनी आधीच कसे सांगितले?" आम्ही वाणिज्य शाखेचे. तरीही हृदयरोग विभागातील डॉक्टरांकडून समजून घेतलेले उत्तर देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी येथे देत आहोत.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागे सूक्ष्म विद्युतप्रवाह असतो. तो कागदावर उतरविण्याचे तंत्र विकसित केल्याबद्दल हॉलंडचे विल्यम आइन्थोव्हेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज हातापायांवर ४ आणि छातीवर ६ असे १० इलेक्ट्रोड लावून १२ आलेख काढतात. त्यांना 'लीड' म्हणतात. एकाच वास्तूकडे बारा खिडक्यांतून पाहावे, तसे हे आहे. धमनी पूर्ण बंद झाली की तिच्यावर पोसल्या जाणाऱ्या स्नायूसमोरील खिडक्यांत आलेखाचा 'एसटी' हा भाग वर उचलला जातो.

तीन धमन्या, तीन खुणा

व्ही-१ ते व्ही-४ या छातीवरील लीडमध्ये चढ दिसल्यास हृदयाची पुढची भिंत, म्हणजे बहुधा डावीकडील 'एलएडी' धमनी बाधित असते. लीड १, एव्हीएल, व्ही-५ व व्ही-६ मधील चढ बाजूची भिंत दाखवितो. तेथे अनेकदा 'सर्कमफ्लेक्स' धमनीचा संशय येतो. लीड २, ३ व एव्हीएफ खालच्या भिंतीचे. तेथील चढ बहुतेक वेळा उजव्या धमनीमुळे असतो. लीड ३ मधील चढ लीड २ पेक्षा अधिक असेल, तर हा अंदाज बळावतो.

या अंदाजावर उपचार अवलंबून असतात. खालच्या भिंतीच्या झटक्यात डॉक्टर छातीच्या उजव्या बाजूसही इलेक्ट्रोड लावतात. हृदयाचा उजवा कप्पा बाधित असल्यास जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळीने रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो. म्हणूनच ही गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून देऊ नये.

ईसीजीला मर्यादाही आहेत. मागच्या भिंतीचा झटका नेहमीच्या १२ लीडमध्ये थेट दिसत नाही. त्यासाठी पाठीवर इलेक्ट्रोड लावावे लागतात. पहिला ईसीजी साधारण आला, तरी छातीत दुखत असल्यास तो पुन्हा काढावा लागतो. अंतिम निर्णय अँजिओग्राफीचाच.

खरा तोटा वेळेचा

२००८ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्रिएट' या पाहणीत भारतातील ८९ रुग्णालयांतील २०,४६८ रुग्ण होते. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचण्याचा मध्यक काळ ३६० मिनिटे आढळला; पोहोचल्यावर गुठळी विरघळविणारे औषध मिळेपर्यंतचा काळ मात्र ५० मिनिटे. म्हणजे अधिक वेळ रुग्णालयाच्या दाराबाहेरच जातो. चाकणच्या कारखान्यात रात्रपाळीला असलेला कामगार "पित्त झाले असेल" म्हणून पाळी संपेपर्यंत थांबतो आणि पुढे पुणे-नाशिक रस्त्यावरील गर्दीत अडकतो, हे आपल्या परिसरात नवे नाही. निदानानंतर १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी शक्य नसल्यास आणि अन्य अडचण नसल्यास गुठळीचे औषध आधी देऊन रुग्णाला पुढे हलविणे हिताचे ठरते. तो निर्णय ईसीजीवाचून होत नाही, म्हणून रुग्ण दाखल होताच १० मिनिटांच्या आत तो काढला जावा, असा दंडक आहे.

कुटुंबीयांना आमची विनंती आहे की, छातीत दडपण, घाम, डाव्या हातात वा जबड्यात कळ जाणवताच १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि जुना ईसीजी सोबत आणावा. तुलनेसाठी तो मोलाचा असतो. देणगीदारांच्या साहाय्याने आलेल्या यंत्रांत ईसीजीचे यंत्र तसे लहान व स्वल्पखर्चीच. परंतु झटक्याच्या रुग्णासाठी सर्वांत आधी तेच हाताशी घेतले जाते, हे येथे कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.