‘मुंबईचे पथक’ : एका युद्धकालीन नावाचा अर्थविचार

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश शाही हवाई दलाच्या दोन लढाऊ स्क्वाड्रनांच्या नावांत मुंबईचा उल्लेख होता. एकीचे नाव ‘क्रमांक १२२ (बॉम्बे) स्क्वाड्रन’ आणि दुसरीचे ‘क्रमांक १३२ (सिटी ऑफ बॉम्बे) स्क्वाड्रन’. मराठीत या नावांचा उल्लेख करावयाचा झाल्यास आपण सहजच ‘मुंबईचे पथक’ असे म्हणतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात मुंबईकर वैमानिकांचे किंवा मुंबईच्या आकाशाचे रक्षण करणाऱ्या विमानांचे चित्र उभे राहते. हे दोन्ही अर्थ वस्तुस्थितीस धरून नाहीत. मग या नावांतील ‘मुंबई’ कोणत्या नात्याने तेथे आली, आणि त्या नात्यात मुंबईचे लोक कोठे होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न वरकरणी इतिहासाचा असला तरी त्याची उकल करताना भाषाशास्त्राचे साहाय्य बरेच होते.

प्रथम व्याकरणाकडे पाहू. मराठीतील ‘-चा, -ची, -चे’ हा षष्ठीचा प्रत्यय दोन पदार्थांत संबंध आहे एवढेच सांगतो. तो संबंध कोणता हे सांगत नाही. ‘पुण्याचा माणूस’ यात मूळ ठिकाण, ‘पाटलाचा वाडा’ यात मालकी, ‘दगडाची भिंत’ यात द्रव्य, ‘पाण्याचा हंडा’ यात आधेय, तर ‘पाच रुपयांची भाजी’ यात मोल अभिप्रेत आहे. प्रत्यय एकच, संबंध निरनिराळे. त्यांतला नेमका कोणता घ्यावयाचा हे आपण व्यवहारज्ञानाने ठरवितो. ते ज्ञान अपुरे असेल तेव्हा आपण अधिक परिचयाच्या संबंधाकडे, म्हणजे मूळ ठिकाणाकडे किंवा मालकीकडे, वळतो. ‘मुंबईचे पथक’ या शब्दसंहतीत नेमके हेच घडते. ब्रिटिश लष्करी नामपद्धतीत तर संबंधदर्शक प्रत्ययही नाही. क्रमांकापुढे कंसात स्थलनाम ठेवले की काम भागते. संबंध अध्याहृतच राहतो.

तो संबंध देणगीचा होता. १९४० साली इंग्लंडमध्ये लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्या हाती विमान-उत्पादनाचे खाते असताना लोकांकडून विमानांसाठी पैसा उभारण्याची पद्धत रूढ झाली. एका लढाऊ विमानाची किंमत ५,००० पौंड धरण्यात आली. प्रत्यक्ष खर्च याहून पुष्कळ अधिक होता. हा आकडा देणगीदारांच्या आवाक्यात राहावा म्हणून ठरविलेला होता. त्या वेळी रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स असल्यामुळे ही रक्कम सुमारे ६७ हजार रुपये होते. जो देणगी देई त्याने सुचविलेले नाव विमानाच्या अंगावर रंगविले जाई. देणगी फार मोठी असेल तर विमानाऐवजी संपूर्ण स्क्वाड्रनलाच देणाऱ्याचे नाव देत. साम्राज्यातील अनेक प्रदेशांची नावे अशा रीतीने कंसात येऊन बसली : हैदराबाद, म्हैसूर, बडोदे, मद्रास इलाखा, गोल्ड कोस्ट, नायजेरिया, आणि त्यांतच मुंबई. म्हणजे ‘मुंबईचे पथक’ हे ‘पुण्याचा माणूस’ या वर्गातले नसून ‘पाच रुपयांची भाजी’ या वर्गाला अधिक जवळचे आहे.

आता या दोन स्क्वाड्रनांची युद्धसेवा पाहू. क्रमांक १२२ ची पुनर्रचना १ मे १९४१ रोजी स्कॉटलंडमधील टर्नहाउस येथे स्पिटफायर विमानांनिशी झाली. १९४२ च्या वसंतात ती लंडनच्या पूर्वेस हॉर्नचर्च येथे आली व तेथून इंग्लिश खाडीपलीकडे, जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्सवर, तिची उड्डाणे सुरू झाली. त्या वर्षी तिचे नेतृत्व प्रथम चेकोस्लोव्हाकियाचे फ्रांतिशेक फायटल यांच्याकडे होते. ५ मे १९४२ रोजी त्यांचे विमान फ्रान्समध्ये पाडले गेले. ते शत्रूच्या हाती न लागता स्पेनमार्गे इंग्लंडला परतले. त्यांच्यानंतर आलेले बेल्जियन अधिकारी लेआँ प्रेव्हो यांच्यावरही त्याच उन्हाळ्यात तोच प्रसंग आला आणि तेही निसटून परत आले. त्या वर्षाच्या अखेरीस नेतृत्व डॉन किंगबी या इंग्रज वैमानिकाकडे गेले. ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल’ हे पदक तीन वेळा मिळविणारा हा एकमेव वैमानिक होय. १९४४ च्या आरंभी स्क्वाड्रनला मस्टँग विमाने मिळाली. लांब पल्ल्याच्या या विमानांनी तिने बॉम्बफेकी विमानांना संरक्षण दिले व नॉर्मंडीच्या स्वारीनंतर काही काळ फ्रान्सच्या भूमीवरून लढाई केली.

क्रमांक १३२ ची पुनर्रचना ७ जुलै १९४१ रोजी स्कॉटलंडमधील पीटरहेड येथे झाली. आरंभी उत्तर किनाऱ्यावरील गस्त हेच तिचे काम होते. १९४२ च्या उत्तरार्धात ती दक्षिणेस आली. ऑस्ट्रियन सरदार घराण्यातील व अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात शिकलेले फ्रान्झ कोलोरेडो-मान्सफेल्ड तिचे नेतृत्व करीत असताना १४ जानेवारी १९४४ रोजी मारले गेले. त्यांची जागा जेफ्री पेज यांनी घेतली. पेज हे १९४० मध्ये विमानाला आग लागून अत्यंत भाजलेले व दीर्घकाळच्या शस्त्रक्रियांनंतर पुन्हा उड्डाण करू लागलेले वैमानिक. त्यांच्या हाताखाली स्क्वाड्रन नॉर्मंडीच्या लढाईत उतरली. १९४४ च्या अखेरीस तिला पूर्वेकडे धाडण्यात आले व जानेवारी १९४५ मध्ये ती सिलोनला पोचली. जपानच्या शरणागतीनंतर ती हाँगकाँगला गेली.

या वृत्तान्तात चेक, बेल्जियन, ऑस्ट्रियन वंशाचा अमेरिकन आणि इंग्रज असे अधिकारी भेटतात. स्कॉटलंड, लंडनचा परिसर, नॉर्मंडी, सिलोन व हाँगकाँग अशी ठिकाणे येतात. मुंबई मात्र केवळ नावात आहे. क्रमांक १३२ च्या बोधवाक्याचा अर्थ ‘बिबट्यापासून सावध’ असा आहे. हिंदुस्थानची खूण म्हणावी तर एवढीच.

येथे संस्थानांच्या नावांशी तुलना उद्बोधक ठरते. ‘क्रमांक १५२ (हैदराबाद)’ या स्क्वाड्रनच्या चिन्हात निजामाचे शिरोभूषण होते आणि तिचे बोधवाक्य ‘विश्वासू मित्र’ हे होते. हे शब्द ब्रिटिश सरकारने निजामास दिलेल्या पदवीतून घेतलेले आहेत. म्हणजे देणारा कोण हे चिन्हातच नोंदलेले होते. ‘क्रमांक १२४ (बडोदे)’ या नावामागेही गायकवाडांची गादी होती. संस्थानाच्या वतीने बोलणारा एक राजा होता. त्याच्या खजिन्यात मराठवाड्यातील किंवा गुजरातेतील शेतकऱ्याचा सारा जमा होत होता हे खरे. पण नाव देण्याचा निर्णय कोणाचा, या प्रश्नाला तेथे निश्चित उत्तर होते. मुंबईच्या बाबतीत ते उत्तर कोणते?

हा प्रश्न काळाच्या संदर्भात ठेवला म्हणजे त्याचे गांभीर्य ध्यानात येते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदी लोकप्रतिनिधींना न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. त्याच्या निषेधार्थ बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर १९३९ मध्ये राजीनामा दिला आणि मुंबई प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. १९४१ मध्ये या दोन स्क्वाड्रनांची पुनर्रचना झाली त्या वेळी मुंबईच्या वतीने बोलू शकेल असे निर्वाचित सरकार अस्तित्वात नव्हते. निधी जमविण्यात सरकारी यंत्रणेचा दाब पडतो, ही तक्रार गांधीजींनी १९४० सालीच जाहीरपणे मांडली होती. अर्थात स्वखुशीने देणारेही होते. उद्योगपती होते, नाझीवादाचा पराभव व्हावा असे मनापासून वाटणारे नागरिकही होते. त्या निधीला नाव होते ‘मुंबई युद्ध-भेट निधी’. मराठीत भेट, देणगी, वर्गणी, फाळा आणि खंडणी असे शब्द उतरत्या स्वेच्छेच्या क्रमाने लावता येतात. इंग्रजी नावाने त्यांतला पहिला तेवढा निवडला आणि उरलेले सर्व त्याखाली झाकले गेले.

‘मुंबई’ या शब्दाची व्याप्तीही तपासली पाहिजे. इंग्रजी ‘बॉम्बे’ हे बेट, शहर आणि प्रांत या तिन्हींचे नाव होते. क्रमांक १३२ च्या नावात ‘सिटी ऑफ’ असे घातल्यामुळे तेथे शहर निश्चित होते; क्रमांक १२२ च्या नावात ते संदिग्ध राहते. मराठीत प्रांतासाठी ‘मुंबई इलाखा’ असा स्वतंत्र शब्दप्रयोग रूढ होता. बारामतीजवळच्या कन्हेरी गावचा शेतकरी स्वतःस कधी ‘मुंबईचा’ म्हणवून घेणार नाही. त्याच्या बोलीत मुंबई म्हणजे गिरणीत कामाला गेलेला भाऊ राहतो ते शहर. परंतु सरकारी दप्तरात कन्हेरी मुंबई इलाख्यातच होती. तेव्हा त्याने युद्धनिधीत रुपया घातला असेल, तर तो ‘बॉम्बे’ या नावात गणला गेला असता. आणि तरीही ते नाव त्याला स्वतःचे वाटले नसते. प्रशासनाचे स्थलनाम व बोलणाऱ्याचे स्थलनाम यांतील अंतर याहून स्पष्टपणे क्वचितच दिसते.

हे अंतर १९४२ च्या ऑगस्टमध्ये फारच रुंदावले. ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’ ठराव संमत झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पुढाऱ्यांची धरपकड झाली. त्यानंतर अकराच दिवसांनी, १९ ऑगस्टला, फ्रान्सच्या किनाऱ्यावरील दिएपच्या स्वारीत ‘बॉम्बे’ स्क्वाड्रनची स्पिटफायर विमाने लढत होती. एकाच नावाने दोन मुंबई त्या महिन्यात वावरत होत्या आणि त्यांची एकमेकींशी गाठ नव्हती.

याच निधीची दुसरी देणगी मात्र निराळ्या मार्गाने गेली. नोव्हेंबर १९४१ मध्ये ‘मुंबई युद्ध-भेट निधी’तून १२ लायसँडर विमाने पेशावर येथे हिंदी हवाई दलाच्या क्रमांक १ स्क्वाड्रनला मिळाली. १९३३ साली स्थापन झालेल्या या स्क्वाड्रनमध्ये हिंदी वैमानिक होते. स्क्वाड्रन लीडर के. के. मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली ती १ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रह्मदेशात टौंगू येथे पोचली. दुसऱ्याच दिवशी जपान्यांनी त्या तळावर बॉम्बफेक केली. लायसँडर हे वस्तुतः टेहळणीचे मंदगती विमान. त्याला २५० पौंडी दोन-दोन बॉम्ब लावून या वैमानिकांनी सयाममधील जपानी तळांवर प्रतिहल्ले केले. मजुमदार यांना त्याबद्दल ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मिळाला. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर, जे १९७६ ते १९७८ या काळात भारतीय वायुसेनेचे प्रमुख होते, तेही ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हिंदी हवाई दलातूनच लढले. मुंबईच्या पैशाचा व हिंदी माणसाचा संयोग जेथे झाला ते पथक आज ‘टायगर्स’ म्हणून ओळखले जाते. मुंबईचे नाव मिरविणारी पथके ती नव्हेत.

युद्ध संपताच कंसातील नावेही संपली. १ एप्रिल १९४६ रोजी क्रमांक १२२ चे रूपांतर क्रमांक ४१ मध्ये करण्यात आले. १५ एप्रिल १९४६ रोजी क्रमांक १३२ हाँगकाँग येथे विसर्जित झाली. त्याआधी दोन महिने, १८ फेब्रुवारीला, मुंबईच्याच बंदरात हिंदी नौसैनिकांनी बंड पुकारले होते.

या विवेचनातून विद्यार्थ्यांनी एक पद्धती घ्यावी असे वाटते. संस्थांची, रस्त्यांची, पथकांची स्थलवाचक नावे अभ्यासताना ‘हे नाव कोठले?’ एवढे विचारून थांबू नये. षष्ठीतला संबंध कोणता, तो कोणी जोडला आणि ज्याचे नाव जोडले त्याला विचारले होते काय, हे तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. यापुढे भाषांतर करताना ‘मुंबईचे पथक’ न लिहिता ‘मुंबईच्या देणगीचे नाव असलेले पथक’ असे लिहिणे लांबट वाटेल. परंतु त्यात फायटल, पेज आणि मजुमदार या प्रत्येकाचे आपापल्या ठिकाणचे श्रेय शाबूत राहते, आणि ज्यांचे मत कोणी विचारले नाही त्या मुंबई इलाख्यातील माणसांच्या तोंडी न उच्चारलेला होकारही घातला जात नाही.