गर्भवतीचे हृदय आणि थायरॉइडची गोळी

काही वर्षांपूर्वी श्रावणात एक मराठी सूनबाई सासूबाईंसह माझ्या दवाखान्यात आल्या. तिसरा महिना चालू होता. थकवा, बद्धकोष्ठता, चेहऱ्यावर सूज, जिना चढताना धाप. "अहो डॉक्टर, दिवस गेल्यावर हे असायचंच," सासूबाई म्हणाल्या. नाडी मात्र मिनिटाला ५८ होती. गर्भवतीची नाडी एरवीपेक्षा जलद असते. ही मंद होती. खोदून विचारल्यावर उलगडा झाला: बाळाला औषध बाधू नये म्हणून थायरॉइडची गोळी त्यांनी बंद केली होती. हेतू मायेचा, परिणाम नेमका उलटा.

गर्भाची स्वतःची अवटु ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यापासून संप्रेरक बनवू लागते. तोवर बाळाची सारी भिस्त मातेवरच. याच काळात मातेच्या हृदयावरील भारही वाढू लागतो. पुढे रक्ताचे आकारमान सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि हृदयाला दर मिनिटाला ३० ते ५० टक्के अधिक रक्त पुढे ढकलावे लागते.

अधिक काम म्हणजे अधिक प्राणवायू. पेशींतील मायटोकाँड्रिया ही जणू चूल. ती पेटली की ठिणग्या उडणारच. या ठिणग्या म्हणजे मुक्त मूलके. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन ही द्रव्ये त्या विझवतात. हा तोल सुटला की त्यास ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात.

थायरॉइड उणे झाले की चूल मंदावते. मग ठिणग्याही कमी होतील, असे वाटेल. प्राण्यांवरील प्रयोगांत मात्र कधी ताण घटलेला, तर कधी संरक्षक द्रव्येच उणावून तो वाढलेला आढळला. तेवढ्यावरून गर्भवतीच्या हृदयाविषयी निवाडा देणे योग्य नव्हे. निश्चित आहे ते असे: संप्रेरकाअभावी हृदयाची गती व आकुंचनशक्ती घटते, ते पूर्ण सैलावत नाही, रक्तवाहिन्या ताठरतात. भार वाढत असता बळ घटते. गर्भपात व वाढता रक्तदाब यांचाही धोका असतो.

यावर अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या हा उपाय नव्हे; 'क' व 'ई' जीवनसत्त्वांच्या मोठ्या चाचण्यांत प्रीएक्लॅम्पसिया टळला नाही. उपाय थायरॉक्सिनच. आधीपासून गोळी घेणाऱ्या बहुतेक स्त्रियांची गरज गर्भारपणी २५ ते ५० टक्क्यांनी वाढते. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच गोळी थांबवू नये, डॉक्टरांना भेटून मात्रा ठरवून घ्यावी. निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच तपासावे. गोळी उपाशीपोटी घ्यावी. लोह व कॅल्शियम चार तासांच्या अंतराने.

आणखी एक. उज्जैनीत महाकाळाच्या सवाऱ्या इथल्या पंचांगाच्या श्रावणात सुरू होतात, आपला श्रावण पंधरा दिवसांनी लागतो. उपवासांची रांग लांबते आणि स्वयंपाकघरात सैंधव राहते. त्यात आयोडीन नगण्य. गर्भवतीला मात्र रोज २५० मायक्रोग्रॅम लागते. तिच्या ताटात आयोडीनयुक्त मीठच असावे. अर्थात मीठ हा गोळीला पर्याय नव्हे.

त्या सूनबाईंची गोळी त्याच दिवशी सुरू केली. यथावकाश सुखरूप प्रसूती झाली. पेढे घेऊन आल्या त्या सासूबाई, म्हणाल्या, "गोळीची वेळ आता मीच सांभाळते."