ताटातला ऋतू आणि शिवारातली ज्वारी

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा या गावाचे नाव इतिहासाच्या ग्रंथांत येते ते ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आणि मुबारिज खान यांच्यात येथे झालेल्या लढाईमुळे. परंतु या परिसरातील माणसे वर्षभर काय पिकवीत आणि काय खात, याची नोंद ग्रंथांपेक्षा शिवाराने आणि सणवारांनीच अधिक नेमकी ठेवली आहे. ऋतूनुसार आहार-विहार बदलण्याच्या शिस्तीला आयुर्वेद ‘ऋतुचर्या’ म्हणतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या आणि अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील तिसऱ्या अध्यायात तिचे विवेचन आहे, आणि एका ऋतूचे शेवटचे सात व पुढच्याचे पहिले सात दिवस मिळून होणाऱ्या ‘ऋतुसंधी’त जुन्या सवयी हळूहळू सोडून नव्या अंगी बाणवाव्यात, हा त्यातील उपदेश आजही व्यवहार्य आहे.

मात्र शास्त्रातील महिने जसेच्या तसे वऱ्हाडाला लावता येत नाहीत. प्रचलित गणनेत चैत्र-वैशाख हा वसंत आणि ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म मानला जातो. इकडे वैशाखात उन्हाचा वणवा पेटलेला असतो आणि मृग लागला की शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात. म्हणूनच पंचांग पाहून नव्हे, तर हवा पाहून आहार ठरवणे हाच ऋतुचर्येचा खरा अर्थ होय, आणि शेतकरी कुटुंबांनी तो कुणी न शिकवताच पाळला होता.

उन्हाळ्यातील आंबील हे त्याचे साधे उदाहरण आहे. ज्वारीचे पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवतात आणि सकाळी लसूण, जिरे, मीठ घालून शिजवतात. घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ त्यातून भरून निघतेच, शिवाय आंबवण्याच्या क्रियेत धान्यातील ‘फायटेट’ हा घटक, जो लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा आणतो, तो कमी होतो. दिवसा झोपण्याची मुभाही आयुर्वेद एरवी निरोगी माणसाला देत नाही, ती ग्रीष्मात देतो; भर दुपारी कामे थांबवून झाडाखाली अंग टाकणाऱ्या मजुराला त्यासाठी ग्रंथाचा आधार लागला नाही.

पावसाळ्यात पचनशक्ती मंदावते, म्हणून हलके व ताजे खावे आणि पाणी उकळून प्यावे, असे शास्त्र सांगते. दूषित पाण्यातून होणारे जुलाब, कावीळ, विषमज्वर पाहता पाण्याच्या बाबतीत आधुनिक वैद्यकाचे मतही वेगळे नाही. पालेभाजीचा प्रश्न मात्र गुंतागुंतीचा आहे. चातुर्मासाच्या व्रतांत श्रावणात पालेभाजी वर्ज्य सांगितली आहे, तर शेतात निंदणीला गेलेल्या बाया त्याच दिवसांत तरोटा, तांदुळजा, घोळ, केना अशा रानभाज्या ओटीत भरून घरी आणीत आल्या आहेत. चिखल आणि किडीची भीती हे व्रतामागचे कारण मानले, तर नीट निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, शिजवून खाल्लेली भाजी त्यात अडकत नाही. वर्षातील सर्वांत स्वस्त लोह आणि जीवनसत्त्वे सोडण्यात शहाणपण कसले? धोका आता दुसरीकडून आला आहे. तणनाशक फवारलेल्या वावरात यांतील बऱ्याच भाज्या जळून जातात आणि ज्या तगतात त्या खाण्याजोग्या राहत नाहीत.

शिवार आणि ताट यांची जुनी सांगड अंबाडीच्या भाजीत सर्वांत चांगली दिसते. पाला उकडून त्याचे आंबट पाणी पिळून काढतात, मग ज्वारीच्या कण्या, म्हणजे जाडसर भरडलेले दाणे, आणि तुरीची डाळ घालून तो मऊ शिजवून घोटतात व वरून लसणाची खरपूस फोडणी देतात. पिळलेल्या पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वे वाहून जातात हे खरे, तरी पाला, धान्य आणि डाळ एका पातेल्यात आल्याने एका धान्यातील प्रथिनांची उणीव दुसरे भरून काढते. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या आणि ज्वारीची आंबील करण्याची रीतही याच विविधतेची साक्ष देते.

हिवाळ्यात भूक वाढते आणि शिवारही भरलेले असते. हुरडा, तुरीचे सोले, हरभऱ्याचे कोवळे शेंडे, भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, जवसाची चटणी हा आहार जड असला तरी अंगमेहनतीला साजेसा आहे. जवसात ओमेगा-३ वर्गातील स्निग्धाम्ल भरपूर असते, आणि ज्वारीच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. पॉलिश केलेल्या तांदळात ते ३ ग्रॅमहूनही कमी भरतात. अर्थात दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने शेतकऱ्याचे ताट उचलताना त्याचे कष्टही थोडे उचलावेत. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा त्यासाठी फार मोठी नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि शहरांत ज्वारीला नवी प्रतिष्ठा आली. विदर्भाच्या शिवारातून मात्र ज्वारी त्याआधीच ओसरली होती. पावसात सापडलेले खरिपाचे कणीस काळे पडते, पाखरे आणि रानडुकरे उभे पीक फस्त करतात, आणि सोयाबीनचा पैसा लवकर हाती येतो, तेव्हा शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळू लागले तेही मुख्यतः गहू-तांदूळच. ज्वारीबरोबर तिच्या पिकात आणि बांधाला पेरली जाणारी अंबाडी मागे पडली, कडबा दुर्मीळ झाला, कडब्यावाचून दावणीची जनावरे घटली, आणि आंबिलीसाठी लागणारे ताक पिशवीतून विकत आणावे लागू लागले.