सहा सांध्यांचा पाळणा

जत्रेत माणसांनी हाताने फिरवायच्या पाळण्यापासून खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानातील रोलर कोस्टरपर्यंत करमणुकीच्या यंत्रांचा आकार, वेग आणि खर्च कितीही वाढलेला असला, तरी त्या सर्वांत एक गोष्ट सारखीच राहिली आहे, ती म्हणजे बसणाऱ्याचा मार्ग यंत्र उभारले त्या दिवशीच ठरून गेलेला असतो. पाळणा वर्तुळातच फिरतो, झोका कमानीतच झुलतो आणि कोस्टरची गाडी रुळांनी आखून दिलेली वळणेच घेते. ही वळणे बदलायची झाल्यास पोलाद कापून नवे बसवावे लागते. या शतकाच्या आरंभी परदेशातील काही उद्यानांनी मोटारींच्या कारखान्यांतील यंत्रबाहूच्या टोकाला माणसे बसवण्यास सुरुवात केली, तेव्हा हा मार्ग पोलादातून निघून संगणकाच्या आज्ञावलीत गेला, आणि या तंत्रात मूलतः नवे असे जे काही आहे ते एवढेच आहे. त्याचे परिणाम मात्र दूरवर पोहोचणारे आहेत.

मुंबईच्या उपनगरांतील ज्या पिढीचे बालपण १९९०च्या दशकात गेले, तिच्या लेखी मोठी राईड म्हणजे गोराईचे एस्सेल वर्ल्ड. १९८९ साली सुरू झालेले आणि काही वर्षांपूर्वी बंद पडलेले हे उद्यान खाडीपलीकडे असल्यामुळे बोरिवलीच्या बाजूने गोराईच्या किंवा मालाडच्या बाजूने मार्वेच्या धक्क्यावरून बोट धरून लोक तेथे जात. १९९८ साली त्याला वॉटर किंगडमची जोड मिळाली. एस्सेल वर्ल्डमधील टेलिकॉम्बॅट या विमानांच्या राईडची आठवण प्रस्तुत विषयात मुद्दाम करावी लागते. मधल्या खांबातून निघालेल्या लोखंडी बाहूंच्या टोकांना छोटी विमाने जोडलेली असत, खांब सर्वांना गोल फिरवी आणि विमानात बसलेल्याने दांडा ओढला की त्याचा बाहू वर उचलला जाई. म्हणजे बाहू होता, त्याला सांधा होता, आणि त्या सांध्यावर बसणाऱ्याची थोडीफार सत्ताही होती. फक्त खांबाभोवती फिरणे आणि वरखाली होणे यांपलीकडे तिसरी हालचाल त्या यंत्राला येत नव्हती.

तिसरी, चौथी, पाचवी आणि सहावी हालचाल कशासाठी लागते, हे समजण्यास भूमितीतील एक साधे सत्य पुरेसे आहे. अवकाशातील एखाद्या वस्तूचे पूर्ण वर्णन करण्यासाठी सहा संख्या लागतात: ती पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली कोठे आहे हे सांगणाऱ्या तीन, आणि तिचे तोंड कोणत्या बाजूस वळलेले, किती झुकलेले व किती कलंडलेले आहे हे सांगणाऱ्या तीन. म्हणून एकापुढे एक जोडलेले सहा सांधे असलेला बाहू आपल्या आवाक्यातील कोणत्याही जागी कोणत्याही दिशेने तोंड करून पोहोचू शकतो, तर त्याहून कमी सांध्यांच्या बाहूला काही जागा किंवा काही दिशा कायमच्या वर्ज्य राहतात. कारखान्यात काम करणारा पहिला यंत्रबाहू, युनिमेट, १९६१ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलण्यास लागला. पुढे १९७३ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथील कूका कंपनीने फामुलुस हा विद्युत मोटारींवर चालणारा सहा अक्षांचा बाहू तयार केला, आणि राईडमध्ये वापरले गेलेले बाहू याच कंपनीच्या घराण्यातले आहेत.

प्रत्येक सांध्याच्या आत चार वस्तू असतात. सर्वो मोटर, म्हणजे सांगितलेल्या कोनाशी नेमकी येऊन थांबणारी मोटर; तिचा वेग कमी करून जोर वाढवणारा गिअरबॉक्स; सांधा या क्षणी किती अंशांवर आहे ते सतत कळवणारा एन्कोडर; आणि ब्रेक. हा ब्रेक स्प्रिंगच्या दाबाने बंद राहतो आणि वीज मिळाली तरच उघडतो, त्यामुळे वीज गेली तर बाहू खाली कोसळत नाही, आहे त्या स्थितीत जखडून थांबतो. गणिताचा भाग याहून अवघड आहे. सहा सांध्यांचे कोन दिले तर टोक कोठे असेल हे काढणे सोपे असते. टोक कोठे हवे हे ठरवून त्यासाठी सहा कोन शोधणे कठीण असते, कारण एकाच जागेला अनेक उत्तरे निघतात आणि दोन अक्ष एका रेषेत आले की टोकाच्या किंचित हालचालीसाठी एखाद्या सांध्याला अवाच्या सवा वेगाने फिरावे लागते. राईड रचणाऱ्यास अशा जागा टाळूनच मार्ग आखावा लागतो. पवईच्या आयआयटीमधून चालणाऱ्या ई-यंत्र उपक्रमाने यंत्रमानवशास्त्राचे शिक्षण देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत नेले आहे, तेव्हा हे गणित जाणणाऱ्यांची वाण उपनगरांत तरी पडू नये.

किंबहुना यंत्रबाहू ही या परिसराला अपरिचित वस्तू नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सारी पदार्थ हाताळण्यासाठी जाड भिंतींच्या बंद खोल्या आहेत. शिसेयुक्त काचेच्या खिडकीबाहेर उभा असलेला तंत्रज्ञ आपल्याकडील मूठ हलवतो आणि आतील बाहू त्याच्या हाताची तंतोतंत नक्कल करतो. अंधेरीच्या कोकिळाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयात दा विंची यंत्राच्या साहाय्याने शस्त्रक्रिया होतात, आणि तेथेही शल्यविशारदाचा हातच यंत्राला आज्ञा देतो, यंत्र त्या हाताचा कंप गाळून टाकते. या दोन्ही ठिकाणी बाहू एका माणसाच्या क्षणोक्षणीच्या ताब्यात असतो. कारखान्यातील आणि राईडमधील बाहूची जात वेगळी आहे: त्याला मार्ग एकदा शिकवला की तो हजार वेळा तोच मार्ग मिलिमीटरचीही चूक न करता गिरवतो, मग टोकाला वेल्डिंगचे हत्यार असो वा आरडाओरडा करणारी दोन मुले असोत.

यातील विपर्यास लक्षात घेण्याजोगा आहे. कारखान्यांतील यंत्रबाहूंच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, म्हणजे आयएसओ १०२१८ चा, मूळ भर बाहू चालू असताना माणसाला इजा पोहोचू न देण्यावर आहे, आणि त्यासाठी जड बाहूंभोवती जाळी उभारून दार उघडले की यंत्र बंद पडेल अशी व्यवस्था ठेवली जाते. रोबोकोस्टर या नावाने कूकाच्या बाहूवर दोन आसने बसवली गेली, तेव्हा ज्याला लांब ठेवायचे तोच बाहूच्या टोकाला बांधला गेला. बाहू होता सुमारे पाचशे किलो वजन पेलणाऱ्या वर्गातला. दोन प्रौढ माणसे, आसने आणि खांद्यावरून येणारे अडसर एवढे त्याला सहज झेपते. परंतु सांध्यांच्या फिरण्यावर पोलादी थांबे बसवून मर्यादा घालणे, प्रत्येक कोन दोन स्वतंत्र मार्गांनी मोजून दोन्ही उत्तरे जुळत नसतील तर यंत्र थांबवणे, अडसर पक्का लागल्याची खूण मिळाल्याशिवाय ब्रेक न उघडणे, आणि बाहू मधेच जखडला असता उलटे लटकलेल्या माणसांना हाताने ब्रेक सैल करून खाली आणणे, ही सारी व्यवस्था नव्याने करावी लागली. किंमत खरी इथे वाढते. बाहू तर कारखान्यांसाठी शेकड्यांनी बनतच असतो.

आता प्रश्न असा की इतका खटाटोप करून साधते काय. उत्तर माणसाच्या कानात आहे. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोके कोणत्या दिशेने फिरत आहे हे ओळखतात. त्यांच्या शेजारच्या दोन पिशव्यांत अतिसूक्ष्म खड्यांचा थर असतो, तो शरीराचे त्वरण, म्हणजे वेगातील बदल, आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो. मात्र या खड्यांना त्वरण कोणते आणि झुकणे कोणते हा भेद करता येत नाही, कारण दोन्हींत ते एकाच प्रकारे सरकतात. त्यामुळे डोळ्यांसमोर पडद्यावर भरधाव रस्ता दाखवून आसन हळूच मागे कलते केले, तर पाठीवर पडणारा भार हा गाडीने वेग घेतल्यामुळे पडला असे मेंदू मानतो. तीस अंश कलले की गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याइतक्या त्वरणाचा भास होतो. अट एवढीच की कलण्याची गती सेकंदाला दोन-तीन अंशांहून जास्त नसावी, नाहीतर नलिका चुगली करतात. डोळे आणि कान यांची साक्ष जुळली नाही की मळमळ सुरू होते, आणि घाटात मागच्या आसनावर बसून पुस्तक वाचणाऱ्याला जो त्रास होतो त्याचे मूळही हेच आहे.

ही फसवणूक करण्यास बाहूच हवा असे नाही. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी निघालेला, सहा दट्ट्यांवर उभा असलेला चबुतरा हेच काम करतो. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडने १९८७ साली स्टार टूर्स या राईडसाठी असे चबुतरे वापरले. मुंबईकराला याचा नमुना पाहण्यास द्रुतगती मार्गाने इमॅजिकापर्यंत जाणे पुरे. गोरेगावच्या चित्रनगरीत चित्रफिती धुण्याची प्रयोगशाळा चालवलेल्या अ‍ॅडलॅब्सने २०१३ साली हे उद्यान उघडले, आणि २०२२ साली ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. त्यातील मिस्टर इंडिया या चित्रपटावर बेतलेली राईड हलत्या आसनांची आणि पडद्याची आहे, तर आय फॉर इंडिया या राईडमध्ये आसने प्रचंड पडद्यासमोर अधांतरी धरून देशावरून उडण्याचा भास दिला जातो. सिनेमावाल्यांनी उभारलेल्या उद्यानात पडद्याच्या राईडना मान मिळावा हे ओघानेच आले.

चबुतऱ्याची मर्यादा अशी की त्याचे सहाही दट्टे एकाच वेळी एकाच फळीला धरून असतात. त्यामुळे तो मजबूत असतो, पुष्कळ माणसे पेलतो, पण पंचवीस-तीस अंशांपलीकडे फारसा झुकू शकत नाही. बाहूचे सांधे एकापुढे एक असल्यामुळे तो माणसाला पूर्ण उलटे करतो, पाठीवर निजवतो, जमिनीलगत आणून पुन्हा उचलतो, आणि याची किंमत म्हणून प्रत्येक सांध्याला पुढच्या सर्व सांध्यांचे वजन वाहावे लागते. ऑर्लँडो येथील युनिव्हर्सलच्या उद्यानात १८ जून २०१० रोजी सुरू झालेल्या हॅरी पॉटरच्या राईडमध्ये हा बाहू प्रथमच एका जागी न ठेवता रुळावर चालवला गेला. चार आसनांचा बाक टोकाला धरलेले असे अनेक बाहू एकामागून एक राईडसाठी उभारलेल्या किल्ल्यातून सरकत जातात, आणि पडद्याच्या दृश्यांच्या वेळी वाटीच्या आकाराचे पडदेच गोल फिरणाऱ्या चक्रावरून बाकांच्या बरोबरीने चालतात, त्यामुळे बाक पुढे जात असूनही पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोरचा पडदा हलत नाही. या विषयातील सर्वांत चतुर कल्पना कोणती असे विचारल्यास बाहूऐवजी या चालत्या पडद्यांकडेच बोट दाखवावे लागेल.

बाहूला रुळावर का चढवावे लागले, याचे कारण थरारापेक्षा हिशेबात सापडते. एका जागी रोवलेल्या बाहूवर दोन माणसे बसतात, आणि बसणे, अडसर लावणे, दीड मिनिटाची फेरी व उतरणे धरून तीन मिनिटे लागतात असे मानले, तर तासाला चाळीस आणि दहा तासांच्या दिवसाला चारशे माणसे होतात. मे महिन्याच्या सुट्टीतील रविवारी एवढी माणसे उद्यानाच्या दारावर एका बैठकीत येतात. उलट रुळावरील चार आसनांचा बाक दर आठ सेकंदांनी सुटला, तर तासाला अठराशे माणसे निघतात. रोवलेल्या बाहूला म्हणूनच उद्यानांत मुख्य राईडचे स्थान टिकवता आले नाही. डिस्नेच्या एपकॉट उद्यानात २००९ साली आलेल्या सम ऑफ ऑल थ्रिल्समध्ये पाहुण्याने मेजावरील पडद्यावर स्वतःचा मार्ग आखायचा आणि बाहूने तो त्याला अनुभवास आणून द्यायचा अशी सोय होती, म्हणजे आज्ञावलीत मार्ग असण्याचा पूर्ण लाभ तेथे घेतलेला होता. तरीही ती २०१६ साली बंद झाली.

उपनगरांच्या बाबतीत मात्र हिशेबाची दुसरी बाजूही आहे. बोरिवली ते मुलुंड या पट्ट्यात नव्या एस्सेल वर्ल्डइतकी मोकळी जमीन मिळणे दुरापास्त आहे, आणि करमणूक केव्हाच छताखाली गेली आहे. घाटकोपरच्या आर सिटी मॉलमध्ये २०१३ साली आलेले किडझानिया हे त्याचेच उदाहरण. दोन मजल्यांची उंची आणि एका मोठ्या दिवाणखान्याएवढी जागा यांत सामावणारी, महिन्यागणिक नवा मार्ग दाखवू शकणारी राईड मॉलच्या मालकाला आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. अडचण तळाची आहे. पाचशे किलोंचा भार तीन मीटर लांब धरला की बुंध्याला दीड टन-मीटरचा पिळा बसतो, त्यात बाहूचे स्वतःचे वजन आणि झटके मिळवावे लागतात, आणि या पिळ्याची दिशा दर क्षणी बदलत असते. दुकानांच्या गर्दीसाठी बांधलेला वरच्या मजल्याचा स्लॅब अशा भारासाठी बांधलेला नसतो.

तपासणीचा प्रश्न तर याहूनही मोठा आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक करमणुकीच्या परवान्यांचे १९५१च्या पोलीस कायद्याखालील जे नियम १९६० साली झाले, त्यांच्या शीर्षकातच मेळे आणि तमाशे यांचा उल्लेख आहे, यावरून ते लिहिताना डोळ्यांपुढे काय होते हे कळते. करमणुकीच्या यंत्रांसाठी आयएसओ १७८४२ सारखी आंतरराष्ट्रीय मानके आज उपलब्ध आहेत. पाळण्याचा बोल्ट सैल झाला किंवा रुळाला गंज चढला तर तो जाणत्या तपासनिसाला डोळ्यांनी दिसतो, परंतु आज्ञावलीतील एका सांध्याची वेगमर्यादा कोणी वाढवली तर बाहूवर त्याची कोणतीही खूण उमटत नाही. तेव्हा उपनगरातील एखाद्या मॉलमध्ये असा बाहू उभा राहील त्या वेळी परवाना देणाऱ्या यंत्रणेने बोल्टांबरोबर आज्ञावलीचीही तपासणी करून तिची कोणती आवृत्ती मंजूर झाली हे प्रमाणपत्रावर नोंदवावे, ती आवृत्ती बदलली की राईड पुन्हा तपासल्याशिवाय चालू देऊ नये, आणि वाचकांनीही ते प्रमाणपत्र दर्शनी भागी लावलेले आहे याची खात्री करूनच मुलांना रांगेत उभे करावे.