परदेशातील विवाहानंतरचा नावबदल (महाराष्ट्र)

परदेशातील विवाहानंतरचा नावबदल म्हणजे भारताबाहेर विवाह केलेल्या व्यक्तीने, प्रामुख्याने स्त्रीने, पासपोर्ट, आधार, पॅन, मतदार यादी, बँक खाते व जमिनीचे अभिलेख यांतील आपल्या नावात केलेला बदल होय. विवाहामुळे नाव आपोआप बदलत नाही. पतीचे नाव किंवा आडनाव लावण्याची सक्ती करणारा कायदा भारतात नाही. माहेरचे नाव कायम ठेवणे हाही पूर्णतः वैध पर्याय आहे.

पार्श्वभूमी

मराठी नावाचे सामान्यतः तीन भाग असतात : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. विवाहानंतर स्त्रीच्या नावातील वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते व आडनावही बदलते, अशी रूढी आहे. काही समाजांत लग्नविधीच्या वेळी ताटातील तांदळांवर वधूचे नवे नाव लिहून पहिले नावही बदलले जाते. अमेरिकेत १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना होते. ‘आनंदी’ हे नाव त्यांना विवाहानंतर मिळाले. त्या काळी अशा बदलाची कागदोपत्री नोंद करावी लागत नसे. आज मात्र शाळा सोडल्याचा दाखला व पदवी प्रमाणपत्र माहेरच्या नावाने आणि विवाहानंतरची कागदपत्रे सासरच्या नावाने असल्यास दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, हे त्या स्त्रीला वारंवार सिद्ध करावे लागते.

कायदेशीर स्थिती

सर्वोच्च न्यायालयाने ‘सीमा विरुद्ध अश्वनीकुमार’ या खटल्यात १४ फेब्रुवारी २००६ रोजी विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्रात ही नोंदणी १९९८ च्या विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियमानुसार होते. स्वतःचे नाव निवडणे व बदलणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ‘जिग्या यादव’ खटल्याच्या २०२१ मधील निकालात मान्य केले.

भारतीय नागरिकांच्या परदेशातील विवाहांसाठी ‘विदेशी विवाह अधिनियम, १९६९’ लागू आहे. वधू-वरांपैकी किमान एक जण भारतीय नागरिक असल्यास भारतीय दूतावासातील विवाह अधिकाऱ्यासमोर विवाह करता येतो. त्यासाठी आगाऊ सूचना द्यावी लागते व तीवर आक्षेप घेण्यास तीस दिवसांची मुदत असते. त्या देशाच्या कायद्यानुसार आधीच झालेल्या विवाहाची नोंदही या अधिनियमाच्या कलम १७ नुसार करता येते.

परदेशी विवाह प्रमाणपत्राचे प्रमाणीकरण

परदेशी विवाह प्रमाणपत्र भारतीय कार्यालयांत सादर करण्यापूर्वी ते प्रमाणित करून घेणे आवश्यक ठरते. १९६१ च्या हेग करारातील देशांमध्ये यासाठी ‘अपोस्टिल’ हा शिक्का वापरला जातो. प्रमाणपत्र ज्या देशाने दिले, त्याच देशाचा सक्षम अधिकारी हा शिक्का देतो. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. मात्र जर्मनीने भारताच्या प्रवेशावर हरकत घेतल्याने या दोन देशांत तो लागू झाला नाही. अशा देशांतील कागदपत्रे दूतावासामार्फत साक्षांकित करून घ्यावी लागतात. प्रमाणपत्र अन्य भाषेत असल्यास प्रमाणित इंग्रजी भाषांतरही जोडले जाते.

ओळखपत्रांतील बदल

पासपोर्ट : पासपोर्टवरील नाव खोडून दुरुस्त केले जात नाही, नव्या नावाचा पासपोर्ट पुन्हा जारी होतो. परदेशात राहणारी व्यक्ती तेथील भारतीय दूतावासाकडे अर्ज करते. सातारा व सांगली हे जिल्हे पुणे येथील प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतात. पासपोर्टवर ‘नाव’ आणि ‘आडनाव’ असे दोनच रकाने असल्यामुळे वडिलांचे किंवा पतीचे नाव पहिल्या नावाला जोडून छापले जाते. परदेशात हा जोडभाग संपूर्णपणे व्यक्तीचे पहिले नाव समजला जातो आणि त्यातून अनेकदा घोटाळे होतात. व्हिसा व विमानाचे तिकीट पासपोर्टवरील नावाशी जुळणे आवश्यक असते.

आधार : नावातील बदल सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच करता येतो.

पॅन : नाव बदलले तरी क्रमांक तोच राहतो. कार्डावर पालक म्हणून वडिलांचे किंवा आईचे नाव असते. विवाहित स्त्रीच्या कार्डावरही त्या जागी पतीचे नाव येत नाही. आधार व पॅनवरील नावांत तफावत असल्यास दोन्हींची जोडणी अडते.

मतदार यादी : नोंदीतील दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा लागतो.

राजपत्र : पहिले नाव बदलले असल्यास किंवा केवळ विवाह प्रमाणपत्रावरून बदल सिद्ध होत नसल्यास महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदलाची सूचना प्रसिद्ध करतात. तीत जुने व नवे अशी दोन्ही नावे छापली जात असल्याने ती पुढे दुवा म्हणून उपयोगी पडते.

मालमत्ता व वारसाहक्क

नावातील तफावतीचा सर्वांत गंभीर परिणाम माहेरच्या जमिनीवरील हक्काबाबत होतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. उदाहरणार्थ, म्हसवड (ता. माण, जि. सातारा) येथील शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे येतो व मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. मुलगी परदेशात असेल, तिच्या पासपोर्टवर सासरचे नाव असेल आणि गावातील जुन्या कागदपत्रांत माहेरचे नाव असेल, तर ओळख पटवण्यासाठी विवाह प्रमाणपत्र, राजपत्र किंवा दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र लागते.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदींत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव हा क्रम ठरवण्यात आला. विवाहित स्त्रियांबाबत पतीचे नाव व आडनाव लावण्याची प्रचलित पद्धत कायम राहिली. तथापि मालमत्तेच्या दस्तऐवजांत विवाहापूर्वीचे नाव नोंदवण्याची मुभा त्यांना देण्यात आली.

सामाजिक संदर्भ

स्त्रीचे नाव आणि तिचे आर्थिक व्यवहार यांचा निकटचा संबंध म्हसवडच्याच एका घटनेतून दिसतो. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने येथे १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. प्रवर्तक महिलांपैकी अनेकींनी कागदपत्रांवर अंगठे उठवले होते, म्हणून परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता. त्यानंतर या महिला लिहिण्या-वाचण्यास शिकल्या आणि पुढे परवाना मिळाला. त्या पिढीपुढे स्वतःचे नाव लिहिता येण्याचा प्रश्न होता. परदेशी स्थायिक होणाऱ्या पिढीपुढे ते नाव सर्व कागदपत्रांत एकसारखे राखण्याचा प्रश्न आहे.

हेही पहा

विवाह नोंदणी
मराठी आडनावे
सातबारा उतारा
म्हसवड