जोडी बघावी चालताना

बाजारात उभा केलेला बैल हा सजवलेला बैल असतो. शिंगं तासून त्यांना तेल चोपडलेलं, अंग घासून धुतलेलं, शेपटीचा गोंडा मोकळा केलेला आणि पुढचे पाय उंचवट्यावर येतील अशा बेतानं तो बांधलेला. तेवढ्या वीतभर चढानं छाती भरून येते, वशिंड ताठ दिसतं, मागचा उतरता भाग झाकला जातो. विकणाऱ्याची सगळी हुशारी जोडी उभी ठेवण्यात असते, घेणाऱ्याची तिला चालायला लावण्यात.

धर्माबादचे माझे मामा नवी जोडी घ्यायला निघाले, तेव्हा त्यांच्यासोबत मी होतो आणि त्यांचे सालगडी होते. सालगड्यांना घरात आम्ही सगळे काकाच म्हणतो. धर्माबादेत बाजार म्हणजे मिरचीचा. सीमेपलीकडच्या तेलंगणातूनही इथं माल येतो आणि हंगामात गावात पाय ठेवणाऱ्याला पहिली शिंक फुकट मिळते. बैलांसाठी मात्र मामांना माळेगाव लागतं. नांदेड-लातूर रस्त्यावरचं, लोहा तालुक्यातलं हे खंडोबाचं गाव. मार्गशीर्षाच्या अखेरीला तिथं यात्रा भरते. एकीकडं पालखी आणि ‘यळकोट यळकोट जय मल्हार’चा गजर, दुसरीकडं घोडे, गाढवं, उंट आणि नजर पोचेल तिथपर्यंत गायी-बैल. जिल्हा परिषद तिथं पशुप्रदर्शनही भरवते.

ट्रॅक्टरच्या काळात बैल कशाला, हा प्रश्न शहरातला माणूस विचारतोच. मामांची नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते, पेरणीही बहुतेक वेळा त्यानंच. बैल लागतात ते त्यानंतर. सोयाबीनच्या दोन ओळींत साधारण ४५ सेंटिमीटर अंतर असतं. पीक गुडघ्याला लागलं की त्यात ट्रॅक्टर घालायची सोय उरत नाही. कोळपं चालवायचं तर दोन ओळींमधून नेमकं पाऊल टाकत जाणारी जनावरंच हवीत. शिवाय पाऊस उघडल्यावर काळ्या रानाला वाफसा येतो तो थोड्याच दिवसांसाठी, आणि तो सगळ्यांच्या रानाला एकदमच येतो. भाड्याची जोडी नेमकी त्याच दिवशी दुसऱ्याच्या शेतात असते. तणनाशक फवारून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. मामा त्यांच्याबद्दल जे बोलतात ते इथं छापण्यासारखं नाही.

या भागात बैल म्हटलं की दोन जाती डोळ्यांसमोर येतात. लाल कंधारी ही आमच्याच नांदेड जिल्ह्याची. कंधार, मुखेड, लोहा, बिलोली हा तिचा मुलूख. अंगानं मध्यम, रंगानं गडद लाल, स्वभावानं शांत, ऊन सोसणारी आणि चाऱ्याच्या बाबतीत फारशी कुरकुर न करणारी. देवणी ही शेजारच्या लातूर जिल्ह्यातली. गीर आणि डांगी रक्त स्थानिक गुरांत मिसळून ती घडली असं जाणकार सांगतात. तिच्यात रंगावरून तीन प्रकार पडतात. पांढऱ्या अंगाला तोंडावर काळं असेल तो वानेरा, पोटाखालच्या अंगाला काळे ठिपके असतील तो बालंक्या, आणि अंगभर वेडेवाकडे काळे डाग असतील तो शेवेरा. देवणीची गाय दूधही बरं देते, म्हणून ती दुहेरी कामाची. देवणी बैल उंच, भारदस्त, ओढीला दणकट. माळेगावात पाय आपोआप त्यांच्यापाशी थांबतात. माझे थांबले. मामा पुढं निघून गेले होते.

उभ्या बैलात बघण्यासारखंही बरंच असतं, आणि मामा ते घाईनं उरकत नाहीत. आधी दात. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खालच्या जबड्यात आठ. दुधाचे दात पडून पक्के दात जोडीजोडीनं येतात. पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांनी, आणि पाचव्या वर्षाच्या आसपास आठही दात पूर्ण. एकही पक्का दात न आलेला तो आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि शेवटी जुळलेला. पुढं दात झिजत जातात आणि वय अंदाजानंच सांगावं लागतं. आदत गोऱ्हा स्वस्त पडतो, पण त्याला औत शिकवायला वेळ जातो. जुळलेला बैल पहिल्या दिवसापासून काम देतो, पण त्याचे कष्टाचे दिवस मोजके उरलेले असतात. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळं थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक नाही. बैल घेणारा आता त्याचं म्हातारपणही सोबत घेतो, आणि म्हणून दात बघताना पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो.

दातांनंतर खांदा. जुवाखाली खांदेसूज येऊन गेलेली असेल तर तिथली कातडी हाताला वेगळी लागते. ओलं नाक, निवांत रवंथ, डोळ्यासमोर हात फिरवल्यावर पापणीची हालचाल. खूर घट्ट आणि काळा हवा, त्याची फट फाकलेली नको. कातडीवर कुठं गाठीचे वण आहेत का, हे बघणं लम्पीच्या साथीनंतर वाढलं. २०२२ मध्ये त्या साथीपायी गुरांचे बाजारच बंद ठेवावे लागले होते. कानातल्या बिल्ल्यावरचा १२ अंकी नंबर कागदाशी ताडून बघायचा. आणि भोवरे. पाठीवरचा, कपाळावरचा, कुठला लाभाचा, कुठला घात करणारा, याचं शास्त्र बाजारात प्रत्येकाला येतं आणि प्रत्येकाचं वेगळं असतं. मामा म्हणतात त्यांचा विश्वास नाही. तरी त्यांनी तीन ठिकाणी केस उलटे फिरवून पाहिलेच.

भावाचं बोलणं अजून काही जण रुमालाखाली करतात. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आणि घेणारा हातात हात घालतात, वरून उपरणं किंवा रुमाल पडतो, आणि आत बोटं दाबून आकडा सांगितला जातो. वर दोघंही पिकापाण्याच्या गप्पा मारत असतात. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला कळतं ते एवढंच की चेहरे बदलतायत. चांगल्या जोडीला आज लाखभर रुपये सहज मोजावे लागतात, त्यामुळं चेहरे बदलायला जागाही भरपूर असते. या सगळ्यात ‘जुंपून दाखवा’ हे शब्द आले की हेड्यांपैकी निम्मे जण सैल पडतात. त्यांना यात्रेतच सौदा उरकायचा असतो. मामांनी यात्रेत फक्त पत्ते गोळा केले. जोड्या बघितल्या त्या नंतर, ज्याच्या त्याच्या रानात.

रानात गेल्यावर आमच्यातलं कामाचं माणूस बदललं. बाजारात मामा पुढं होते, इथं काका. कासरा त्यांच्या हातात राहणार होता, म्हणून पसंतीही त्यांची. मला हे त्या दिवशी फार योग्य वाटलं. औजार कुणाच्या हातात राहणार आहे हे न बघता केलेली खरेदी आपल्याकडं, घरात आणि सरकारात, कमी नाही.

पहिली बघितली ती देवणीची जोडी, आणि बघत राहावं अशी. मालकानं गाडीत दगड भरले, दोन्ही चाकांना दोर बांधून ती जाम केली आणि जोडी जुंपली. माना खाली गेल्या, मागचे पाय जमिनीत रुतले आणि गाडी घासत निघाली. चाक न फिरवता गाडी ओढणं ही नुसत्या ताकदीची परीक्षा. लोकांना ती आवडते. काकांनी ती बघितली न बघितल्यासारखी केली. बैल दिवसभर टिकवतो ती ओढ त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी असते. चारशे किलोचा बैल म्हणजे सलग चाळीस किलोच्या आसपास. घटकाभर तो त्याच्या कितीतरी पट जोर लावू शकतो, पण कोळपणीत घटकाभराच्या जोराला काय किंमत? काकांनी विचारलं ते वेगळंच : “खायला काय लागतं यांना?” उत्तर ऐकून मामांनी चहाचा कप खाली ठेवला. ज्वारी मागं पडून सोयाबीन वाढलं तसा आमच्याकडं कडबा महागला, आणि सोयाबीनचं भुसकट जनावरं कडब्यासारखं आवडीनं खात नाहीत. एवढ्या देहाची दोन जनावरं पोसायची तर वैरण विकतच आणावी लागणार. जोडी उत्तम होती. मामांच्या रानाला ती मोठी होती.

दुसऱ्या ठिकाणचे दोन्ही बैल लाल कंधारी, एकसारख्या रंगाचे, शिंगांचं वळणही एक. फोटोत घालावेत असे. काकांनी त्यांना वखराला जुंपलं आणि तासाच्या टोकापर्यंत नेलं. मग वळवलं. सरळ रेषेत कुठलीही शिकवलेली जोडी बरी चालते. वळणावर आतल्या बैलानं जवळजवळ जागेवर थांबायचं असतं आणि बाहेरच्यानं झपाझप फेरा घ्यायचा. इथं आतला बैल थांबेना. दोघं एकदमच पुढं सरकले, जू तिरकं झालं आणि वखर तासाबाहेर गेला. दोन-तीन तासं हाकल्यावर आणखी एक दिसलं. उजव्याची चाल जलद, डाव्याची संथ. दर काही पावलांनी उजवा पुढं जायचा आणि काका कासरा ओढायचे. पिकात हेच झालं तर कोळप्याचं पातं ओळीत शिरतं आणि सोयाबीन कापत जातं. रंग, उंची, शिंगं सगळं जुळलं होतं. पाऊल जुळलं नव्हतं. मालक म्हणाला, “सवयीनं येतंय पाव्हणं.” काका म्हणाले, “येतंय की. पण कोणाच्या सोयाबीनवर?”

मुखेडकडच्या एका गावात मिळालेली जोडी बघताक्षणी मला नापसंत होती. डावा बैल जुळलेला, रुंद छातीचा. उजवा सहा दाती, त्याच्यापेक्षा बोटभर बुटका, लाल रंगही जरा फिका. मालक कासरा हातात देऊन बाजूला झाला. “तुमीच हाका,” एवढंच म्हणाला. काकांनी आधी गाडी हाकली. मग मधेच उतरून अचानक छत्री उघडली. उजवा कान टवकारून थांबला, डावा थांबलाही नाही, आणि डावा थांबला नाही म्हणून उजवाही निघाला. मग वखर. वळणावर डावा आपणहून अडला आणि उजव्यानं फेरा घेतला. मग काकांनी कोळपणीचं लांब जू मागवलं. त्यात दोन बैलांमधलं अंतर वाढतं, दोघांना वेगवेगळ्या ओळीतून चालावं लागतं, आणि एकमेकांच्या अंगाला अंग लावून चालायची सवय असलेले बैल नेमके तिथं गडबडतात. उभं पीक नव्हतं, म्हणून नुसत्या तासांमधून नेलं. पावलं तासातच पडत राहिली. शेवटी काकांनी बैलांच्या जागा बदलून पाहिल्या, डावा उजवीकडं. दोघंही गोंधळले आणि वखर वेडावाकडा गेला. त्यावर काका समाधानानं हसले. जागा बदलल्यावर जनावर गोंधळतं याचा अर्थ आधीची जागा त्याच्या अंगात भिनलेली असते. चार दिवसांच्या शिकवणीवर विकायला काढलेला बैल कुठल्याही बाजूला सारखाच वाईट चालतो.

उंचीतल्या फरकाचा प्रश्न राहिला होता. बुटक्याच्या बाजूला जू खाली झुकतं आणि भार त्याच्या मानेवर येतो. शिवाय तो वयानंही लहान. यावर शेतकऱ्यांकडं जुना उपाय आहे. औताचा दोर जुवाच्या बरोबर मध्यावर न बांधता जोरदार बैलाकडं थोडा सरकवून बांधायचा. त्याच्या बाजूचा दांडा आखूड होतो, दुसऱ्याचा लांब, आणि ओढीचा मोठा वाटा आखूड बाजूवाल्याकडं जातो. हेच गणित पुस्तकात तरफ म्हणून शिकवतात. काकांनी दोन बोटं डावीकडं सरकवून गाठ मारली, पुन्हा दोन तासं हाकली आणि मामांकडं बघून मान हलवली.

सौदा खात्रीवर ठरला : औताला खात्री, गाडीला खात्री, मारत नाही, कामात बसत नाही. इसार दिला, निम्मे पैसे रोख, उरलेले पाडव्याला. पाडव्यालाच सालगड्याचं नवं साल सुरू होतं, त्यामुळं ती तारीख कुणालाच विसरता येत नाही. तोवर काही वावगं निघालं तर जोडी परत. बैल धर्माबादेला आल्यावर काकांनी त्यांना लगेच कामाला जुंपलं नाही. आधी पाणी बदललेलं सोसतं का ते पाहिलं, मग गोदावरीकाठच्या चिकट रानात हलका वखर. तिथं उजवा पहिल्या सकाळी धापला आणि मामांना घाम फुटला. काकांनी गाठ आणखी अर्धं बोट डावीकडं घेतली.

पाडव्याला पैसे पोचते झाले. उजवा आता जुळत आलाय, छातीही भरलीय. पेरणीपर्यंत गाठ परत मधोमध येईल असं मामांना वाटतं. काका म्हणतात, पोळ्याच्या खांदेमळणीला बघू, आत्ता त्याच्या कानावर घालू नका.