गोळी घेतली, पण ताट कुठं आहे?

आमच्या घरातली धाकटी दहावी पास झाली. वस्तीत पेढे वाटून झाले आणि रात्री सगळ्यांनी मिळून हॉटेलात जेवायचं ठरलं. आम्ही सातजण दोन ऑटो करून हिंगोलीत नांदेड रोडवरच्या एका हॉटेलात गेलो. निघताना आबांनी रोजच्या वेळेला, साडेसातला, साखरेची गोळी घेतली. "आता जाऊन जेवायचंच आहे की," असं आम्हीच म्हणालो. चूक तिथंच झाली.

निकालाचा दिवस, हॉटेल गच्च भरलेलं. टेबल मिळायला पाऊण तास गेला. मग शेवभाजी, चिकन हंडी, तंदूर रोटी, जिरा राईस अशी ऑर्डर दिली. नऊ वाजत आले तरी ताटं आली नव्हती. आम्ही फोटो काढण्यात दंग होतो. आबा मात्र गप्प बसले होते. तेवढ्यात नातीनं विचारलं, "आबा, तुमचा हात का थरथर करायलाय?" बघतो तर कपाळावर घाम, अंग गार, बोलणं अडखळत होतं.

आमच्यातल्या एकीनं आशाताईंच्या बैठकीत ऐकलेलं होतं. तिनं लगेच काउंटरवरून साखर मागितली. तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात ढवळून आबांना पाजली. पंधरा मिनिटांत थरथर थांबली. मग रोटी आली, आबा जेवले. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. तेच इथं सांगतो.

मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. नुसत्या मेटफॉर्मिननं साखर सहसा फार खाली जात नाही. पण ग्लिमेपिराईड, ग्लिबेनक्लामाईड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन पोटात अन्न नसलं तरी आपलं काम करतच राहतात. जेवण लांबलं की रक्तातली साखर 70 च्या खाली उतरते. हात कापतात, दरदरून घाम येतो, छाती धडधडते, डोळ्यांपुढं अंधारी येते, माणूस चिडतो किंवा काहीबाही बोलतो. पुष्कळदा लोकांना वाटतं, हा पिऊन आलाय. उपाशीपोटी दारू घेतली तर साखर आणखी खाली जाते, हेही खरं.

अशा वेळी काय करावं? माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावं. पेढा, आइस्क्रीम देऊ नये. त्यातल्या तुपा-दुधाच्या स्निग्धपणामुळं साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटं थांबावं. फरक नसेल तर पुन्हा तेवढीच साखर द्यावी. बरं वाटलं की भाकरी, पोळी, भात असं जेवण लगेच द्यावं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. एका कुशीवर झोपवावं आणि 108 ला फोन करावा. या गोळ्यांचा असर बराच वेळ टिकतो, म्हणून साखर पुन्हा उतरू शकते. रात्रभर लक्ष ठेवावं आणि डॉक्टरांना दाखवावं. आपल्या मनानं गोळी बंद मात्र करू नये.

घरी आल्यावर आबा जे बोलले, ते आमच्या मनातून अजून जात नाही. "मला आधीपासूनच कसंतरी व्हायलं होतं. पण हॉटेलात चारचौघांत मागायचं कसं?" आबा लहान असताना गावच्या चहाच्या हॉटेलात आपल्या माणसांची कपबशी वेगळी असायची. बाहेर बसून प्यायची आणि आपणच विसळून ठेवायची. संविधानाच्या कलम 15 नं हॉटेल, दुकान, उपाहारगृह सगळ्यांना खुलं केलं. 1955 साली अस्पृश्यता पाळणाऱ्याला शिक्षा करणारा कायदाही आला. दार उघडलं, पण मनातला संकोच अजून आबांच्या सोबत टेबलावर बसतो. त्या रात्री तो संकोच जिवावर बेतला असता. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. या आजारात लाजण्यासारखं काही नाही.

म्हणून आमच्या घरानं आता काही गोष्टी ठरवल्या आहेत. बाहेर जेवायचं तर लवकर, सातच्या आतच जायचं. गोळी खिशात न्यायची. ती नेमकी कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून ठेवलंय. आमच्या आबांना त्यांनी ताट समोर आल्यावर घ्यायला सांगितलंय. सदऱ्याच्या खिशात साखरेची पुडी कायम ठेवायची. बसल्या बसल्या वेटरला सांगायचं, "दादा, घरात साखरेचा माणूस आहे, एक रोटी आणि वरण आधी आणा." त्या दिवशीही त्या पोरानं साखर पळतच आणून दिली होती. सांगितलं तर माणसं ऐकतात.

जेवणातही थोडं बघायचं. नान आणि जिरा राईस दोन्ही घेण्यापेक्षा ज्वारीची भाकरी मिळाली तर ती घ्यावी. सोबत कांदा-काकडी. प्रौढ माणसाला दिवसभरात मीठ एका लहान चमच्यापेक्षा, म्हणजे 5 ग्रॅमपेक्षा, कमी पुरतं. रस्सा, पापड, लोणचं यांत ते कधीच संपून जातं. बीपीवाल्यांनी वरून मीठ घेऊ नये. उरलेला भात पार्सल आणला तर रात्रभर बाहेर ठेवू नये. त्यात तयार झालेलं विष गरम केल्यानंही जात नाही.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं जवळच्या आरोग्य उपकेंद्रात साखर आणि बीपी तपासून घ्यावं. तिथं पैसे पडत नाहीत. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हॉटेलात नेलं, तर फोटो काढण्याआधी एकदा विचारावं, "आबा, गोळी घेतली का? भूक लागली का?"